परीघर पहिल्याच पावसात बसलं, काय चुकलं असेल?

वेलबुट्टी
मंडळी, मी आणि माझी सात वर्षांची भाची, दोघींनी चार रविवार खपून बागेत एक परीघर केलं होतं. वीतभर उंच. भिंती वाळक्या काटक्यांच्या, शेजारी शेजारी मातीत खोचलेल्या. छपराला झाडाच्या सालीचे नखाएवढे तुकडे, कौलांसारखे. दाराला बी फुटून गेलेल्या शेंगेचं अर्धं टरफल, त्याला मिरीएवढ्या बीची मूठ. सगळं पांढऱ्या गोंदाने चिकटवलं. इतकं देखणं झालं होतं की शेजारणीने दोनदा येऊन पाहिलं.

परवा रात्री पाऊस झाला. सकाळी जाऊन बघते तर छप्पर घसरून अंगणात, गोंदाचा दुधासारखा ओघळ, आणि आतल्या पानाच्या गादीवर तळं. भाची रडली नाही, पण "परी भिजली असेल का?" असं विचारलं, ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

पुन्हा बांधायचं आहे. गोंद कुठला वापरू? वरून व्हार्निश मारलं तर टिकेल का? बागेत ठेवण्याजोगी काटक्यांची, मातीची शिल्पं कुणी केली असतील तर तेही अनुभव सांगा.

शंकासुर
शीर्षक घाईत वाचलं आणि 'परिघ' दिसलं. व्यास काढायला आलो होतो. असो. घर फिरलं की वासेही फिरतात, त्याला तुम्ही काय करणार.

टाचणी
फोटो नाही म्हणजे फाउल! पडलेल्याचा असला तरी चालेल.

काडीमोड
पांढरा गोंद पाण्यात विरघळतो. वाळल्यावर पारदर्शक होतो म्हणून पक्का वाटतो, ओल लागली की परत पांढरा पडून सुटतो. तुमचा दुधाचा ओघळ तोच. बाहेर ठेवायच्या वस्तूला जलरोधक लाकूडगोंद किंवा दोन नळ्यांचं इपॉक्सी घ्या. ग्लू गनच्या नादी लागू नका. उन्हात तापलेल्या दगडावर तो गोंद मऊ पडतो आणि थंडीत ठिसूळ होऊन टक्कन सुटतो. माझं एक घुबड असंच डोळे गाळून बसलंय, दोन महिने झाले.

टाचणी
घुबडाचाही फोटो हवा.

रंधा
गोंदाचं नंतर बघू. वेलबुट्टीताई, एक सांगा, सालीची कौलं वरून खाली लावत आलात की खालून वर?

वेलबुट्टी
वरून. आढ्यापासून सुरुवात केली म्हणजे मधली रेघ सरळ येते असं वाटलं. का हो?

रंधा
सापडलं. वरून सुरुवात केलीत म्हणजे खालची ओळ वरच्या ओळीच्या कडेवर चढली. पाणी घरंगळत आलं की प्रत्येक ओळीपाशी त्याला एक उघडं तोंड मिळतं आणि ते थेट आत शिरतं. जगातला भारीतला भारी गोंद आणलात तरी हे छप्पर गळणारच.

शाकारायला नेहमी वळचणीपासून सुरुवात करायची. पहिली ओळ भिंतीच्या बाहेर दोन बोटं काढा, म्हणजे पागोळ्या भिंतीवर न पडता लांब पडतील. दुसरी ओळ पहिलीचा निम्म्याहून जास्त भाग झाकणारी. दोन तुकड्यांमधली फट वरच्या तुकड्याच्या बरोबर पोटाखाली आली पाहिजे. शेवटी आढ्यावर एक लांब साल उलट्या पन्हळीसारखी पालथी घाला.

आणि उतार. गवत किंवा पातळ साल असेल तर पाखं निदान ४५ अंशांचं हवं. माणसांच्या गवती छपरांनाही तेवढा लागतोच. तुमचं घर वीतभर असल्याने पाऊस काही छोटा होऊन पडत नाही. थेंब तोच असतो, तुमच्या कौलाएवढा.

शंकासुर
"थेंब तोच असतो, तुमच्या कौलाएवढा." हे वाचून परीबद्दल पहिल्यांदा सहानुभूती वाटली.

पण रंधाकाका, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात ना? मग एवढी भीती कशाला?

रंधा
म्हण माणसांच्या घरासाठी आहे. दोन साली एकमेकींवर घट्ट बसल्या की मधल्या केसाएवढ्या फटीत पाणी केशाकर्षणाने वर चढतं. बोटभर तर सहज. म्हणूनच निम्म्याहून जास्त झाका म्हटलं. एवढ्या लहान घरात वळचणीपासून आढ्यापर्यंत अंतरच किती, चार बोटं! तिथे म्हण खोटी पडते.

ओलीमाती
मी भिंतींबद्दल बोलते. काटक्या सरळ मातीत खोचल्या असतील तर छप्पर वाचलं असतं तरी पुढच्या वर्षी भिंती बसल्या असत्या. कुंपणाचा खांब बघा, कुजतो तो जमिनीच्या पातळीला, खोल खाली नाही. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, बुरशीला आणखी काय हवं? लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. शिवाय काटकीचं कापलेलं तोंड म्हणजे स्ट्रॉची जुडी, पाणी सर्वांत भराभर तिथूनच चढतं. म्हणून घराला जोतं हवं. एक चपटा दगड घ्या, त्याखाली बारीक खडी, आणि घर दगडावर. मातीला काटकी टेकताच कामा नये.

मातीच्या भिंती केल्यात तरी नियम तोच, पायाला दगड आणि डोक्याला रुंद वळचण. मधे नुसती माती असली तरी चालते.

कोळिष्टक
ओलीमाती, मातीचं जरा सविस्तर लिहा ना. माझ्या मातीच्या कासवाला वाळताना एवढ्या भेगा पडल्या की आता लोक त्याला मगर म्हणतात.

ओलीमाती
हसून हसून पुरती वाट! मगर असेल तर मगर म्हणून ठेवा, कष्ट वाचले.

भेगा पडल्या म्हणजे चिकणमाती जास्त आणि वाळू कमी. चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते. आपल्या मातीत काय आहे ते बघायचं असेल तर काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर मीठ टाकून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते. गाळ काही तासांत. चिकणमाती खाली यायला एक दिवस घेते, कधी जास्तही. थर पट्टीने मोजता येतात.

बरणी नको असेल तर ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. तुटली तर चिकणमाती कमी. न तुटता अंगठीसारखी बसली तर ती कामाची. त्यात हळूहळू वाळू आणि बोटाच्या पेराएवढं कापलेलं वाळकं गवत घाला आणि पायाने तुडवा. गवतामुळे भेग पडली तरी ती पळत नाही, धाग्यापाशी थांबते. आणि सावलीत वाळवा. कासव उन्हात ठेवलं होतं ना?

कोळिष्टक
कबूल.

काडीमोड
मातीच्या भानगडीत पडण्यापेक्षा हायपरटुफा करा. एक भाग सिमेंट, दीड भाग पीट (दलदलीतला कुजका झाडपाला) नाहीतर नारळाच्या काथ्याचा भुगा, दीड भाग परलाइट (भाजून फुगवलेले हलके खडे). जुन्या सच्छिद्र दगडासारखं दिसतं, वजनाला हलकं, थोड्या दिवसांत शेवाळंही धरतं. मूळ कल्पना इंग्लंडमधली, दगडी डोण्या मिळेनात आणि महाग झाल्या म्हणून बागवाल्यांनी नक्कल काढली. पहिले काही दिवस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ओलं ठेवायचं, पुरती ताकद यायला २८ दिवस.

पाचोळा
सिमेंट कधीपासून नैसर्गिक झालं? धाग्यात काटक्या, साल, शेंगा चाललंय. उद्या म्हणाल परीला गॅरेजही द्या.

काडीमोड
पीट, काथ्या, परलाइट सगळं जमिनीतून नाहीतर झाडातूनच येतं. सिमेंटही चुनखडी भाजूनच होतं.

पाचोळा
चुनखडी १४५० अंशांपर्यंत भाजून. परी तेवढी भाजली तर तीही नैसर्गिक राहणार नाही.

ओलीमाती
भांडा, पण जाता जाता एक. ओलं सिमेंट चांगलंच अल्कधर्मी असतं, कातडी सोलते. हातमोजे घाला आणि सात वर्षांच्या मुलीला त्यात हात घालू देऊ नका. माती कितीही माखली तरी आंघोळीने जाते.

पाचोळा
आता माझं मत, धागाकर्तीला आवडणार नाही. टिकवायचंच कशाला? अँडी गोल्ड्सवर्दी नावाचे ब्रिटिश कलाकार पानं काट्यांनी टाचून, बर्फाचे तुकडे एकमेकांना गोठवून शिल्पं करतात आणि मग फोटो काढतात. वारा, ऊन, भरती येऊन काम घेऊन जाते, तेही त्या कामातच धरलेलं असतं. अमेरिकेतले पॅट्रिक डॉगर्टी कोवळ्या फांद्या विणून घराएवढी शिल्पं उभी करतात, ती साधारण दोन वर्षांनी उतरवतात, लाकूड थकलं की. आपण वीतभर घरावर व्हार्निश थापून काय मिळवणार? शिवाय व्हार्निश तडकलं की पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. आतल्या आत कुजतं, वरून चकचकीत दिसतं.

वेलबुट्टी
पाचोळादादा, तुमचं पटतं. पण भाचीला 'क्षणभंगुरता' कशी समजावू? तिला एवढंच कळतं की रविवारी घर होतं आणि मंगळवारी नाही.

रंधा
दोन वर्षं आणि दोन रात्री यात फरक आहे. कुजू दे, पण गळू नये.

व्हार्निशबद्दल पाचोळाशी सहमत. लावायचंच असेल तर अळशीचं तेल, पातळ हात, पुसून घ्यायचं. पण इथे एक गोष्ट मोठ्याने सांगतो. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून टोपलीत टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेऊन तापतं, आणि चिंध्यांच्या गठ्ठ्यात उष्णता कोंडून आपोआप पेट घेऊ शकतं. काडी लागत नाही. चिंधी उघडी पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

टाचणी
बाप रे. माझ्या कपाटात आत्ता या क्षणी एक डबा आहे. आलेच.

टाचणी
काढलं. धन्यवाद रंधाकाका, मनापासून.

मोहरवेल
छान धागा, वाचनखूण साठवली. शिल्पांबद्दल विचारलंय म्हणून. मी ओल्या, लवचिक फांद्यांचं हरीण केलं होतं, गुडघ्याएवढं. आधी चार जाड काटक्यांचा सांगाडा, पाठीचा कणा एका वाकड्या फांदीचा (अशी नैसर्गिक वाकलेली फांदी सापडली की अर्धं हरीण झालं म्हणून समजा), मग बारीक फांद्या आतून बाहेर, बाहेरून आत विणत न्यायच्या. ओली फांदी वाकते छान, पण वाळताना बारीक होते. महिन्याभराने सगळ्या गाठी सैल पडल्या आणि हरीण पोक काढून उभं राहिलं. तेव्हा पहिल्यांदा सुतळीने नुसतं तात्पुरतं बांधा आणि तीन-चार आठवड्यांनी तांब्याच्या तारेने आवळा. सुतळी बाहेर फार टिकत नाही, काटकीच्या आधी तीच कुजते.

हरणाचं तोंड अजून कुत्र्यासारखं दिसतं, तो दोष तारेचा नाही.

शंकासुर
कोळिष्टकची मगर, मोहरवेलचं कुत्रं, काडीमोडचं आंधळं घुबड. प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढायला हरकत नाही.

दुपारझोप
इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये हेलिगन नावाच्या जुन्या बागेत एक मातीची बाई रानात कुशीवर निजलेली आहे. लाकडी सांगाड्यावर जाळी आणि चिकट माती. केस आणि कपडे जिवंत झाडोऱ्याचे, ऋतू बदलला की तिचा अवतार बदलतो. १९९७ मध्ये सू आणि पीट हिल या भावंडांनी केली. टिकवायचं की जाऊ द्यायचं, या वादावर मला ते उत्तर आवडतं. वाढतंय, वाळतंय, माणसं अधूनमधून डागडुजी करतात.

(हा प्रतिसाद पूर्ण शुद्धीत लिहिला आहे, नावावर जाऊ नये.)

मोहरवेल
शेवाळावरून आठवलं. ताक आणि शेवाळ मिक्सरमधून काढून दगडाला फासलं की हिरवंगार होतं म्हणतात. कुणी केलंय?

कोळिष्टक
मी केलंय. हिरवं झालं नाही. करडं झालं, मग काळं, आणि तीन दिवस मुंग्या आणि वास. घरच्यांनी बागेतलं जाणं बंद केलं.

ओलीमाती
ताकावर बुरशी आधी येते. शेवाळाला मुळं नसतातच, अन्न-पाणी ते अंगानेच घेतं. त्याला खत नको, सतत ओल आणि सावली हवी, आणि खडबडीत दगड. स्वतःच्या बागेतल्याच ओल्या कोपऱ्यातलं चार नखांएवढं शेवाळ घ्या, दगडावर घट्ट दाबा, रोज पाण्याचा फवारा. रानातून खरवडून आणू नका. दगडफुलाचं तर नावच काढू नका. दगडाला घट्ट चिकटणारी दगडफुलं वर्षाला मिलिमीटरभर वाढली तरी पुष्कळ. आपण नखाने काढतो ते आपल्या जन्माच्या आधीचं असू शकतं.

पाचोळा
+१. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या मॉन्हेगन बेटावरच्या रानात लोक पिढ्यानपिढ्या परीघरं बांधतात, तिथे हेच सांगतात. पडलेलं, मेलेलं तेवढंच घ्या, जिवंत काही उपटू नका, प्लॅस्टिक आणू नका. जिवंत झाडाची साल तर कधीच नाही. खोडाभोवती सालीचा पूर्ण पट्टा निघाला की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं.

वेलबुट्टी
साल पडलेल्या फांदीचीच होती, आईशप्पथ. पण ती वाळून वळते, गुंडाळी होते. त्याचं काय करता?

रंधा
कोमट पाण्यात तासभर भिजवा, दोन फळ्यांत दाबून वर वीट. दोन दिवसांनी काढा. जरा वळलीच तर पोट खाली, पाठ वर ठेवून लावा, कौलासारखी. पोट वर ठेवलंत तर प्रत्येक कौल म्हणजे एक वाटी.

काडीमोड
सूचिपर्णी झाडांचे शंकू मिळत असतील तर त्यांचे खवले मस्त कौलं होतात. फक्त अख्खा शंकू छपराला लावू नका. मी लावला होता, शिखर म्हणून. ओला झाला की मिटतो, वाळला की उघडतो. खवल्याच्या दोन थरांपैकी बाहेरचा पाणी लागल्यावर जास्त लांबतो, म्हणून खवला आत वळतो. झाडावरून पडल्यावरही, मेल्यावरही चालूच. माझं शिखर दर पावसात छत्री मिटल्यासारखं बसायचं आणि शेजारचे खवले उपटून घ्यायचं.

शंकासुर
पावसात मिटणारी छत्री! परीने घर का सोडलं ते कळलं.

टाचणी
मुलांबरोबर करताय म्हणून एक राहिलं. सजावटीला लाल-काळ्या गुंजा फार मोह घालतात, डोळे करायला तर झकास. त्या विषारी आहेत. कवच भेदलेली किंवा चावलेली एक गुंजसुद्धा लहान मुलाला महागात पडते, भोक पाडून ओवणं तर नकोच. एरंडाच्या बियांचंही तेच. आणि कण्हेरीच्या काटक्या सरळसोट दिसतात म्हणून भिंतीला घेऊ नका, सगळं झाडच विषारी.

वेलबुट्टी
अरे देवा. खिडकीच्या कडेला गुंजाच होत्या आमच्या. आज काढते, मोजून. लावल्या तेव्हा अकरा होत्या.

वेलबुट्टी
अकरा मिळाल्या. हुश्श.

दुपारझोप
अवांतर. परी भिजली असेल का, या प्रश्नाला इतिहासात एकदा फार गंभीर उत्तर मिळालंय. १९१७ मध्ये इंग्लंडात कॉटिंगली गावी १६ वर्षांची एल्सी आणि ९ वर्षांची फ्रान्सिस या मावस बहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. थोरामोठ्यांनी खरे मानले. कागदाच्या कापलेल्या आकृत्या टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, हे दोघींनी १९८३ मध्ये कबूल केलं, आजी झाल्यावर. तरी फ्रान्सिस शेवटपर्यंत म्हणत राहिली की पाचवा, १९२० मध्ये काढलेला फोटो खरा होता.

टाचणी
माझं नाव घेतल्याबद्दल आभारी आहे.

शंकासुर
एल्सीला फोटो मागणारं कुणीतरी भेटलं म्हणून तेवढं तरी झालं. वेलबुट्टीताई, फोटो अजून आलेला नाही.

वेलबुट्टी
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. सांगितलं तसं सगळं केलं. चपटा दगड, खाली खडी. भिंती काटक्यांच्याच, पण दगडावर, कोपऱ्यात तांब्याच्या तारेने आवळलेल्या, आतून मातीचा लेप. अंगठीची परीक्षा दोघींनी दिली, भाची पहिल्या फटक्यात पास, मी तिसऱ्या. छपराची पहिली ओळ वळचणीपासून. ती मोठ्याने मोजत होती, "आधी खालची, मग वरची", आणि मी विसरून एकदा वरून लावायला गेले तर हातावर चापट मारली. गोंद फक्त आढ्याला, बाकी सगळं खोचून आणि बांधून. व्हार्निश नाही.

काल-परवा दोन दिवस सलग पाऊस झाला. आतली पानाची गादी कोरडी आहे. बोट घालून पाहिली. मागच्या बाजूला मातीचा लेप एका जागी गळून पडलाय, वळचण तिथे अर्धं बोट आखूड राहिली होती.

आणि आत बेडूक आहे. दारातून डोकं बाहेर काढून बसतो. भाचीने पाहिलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "परीला सांग, दुसरं घर बांधू."

शंकासुर
भाडेकरार केलात का?

ओलीमाती
बेडूक असेल तर आत पाण्याची उथळ पणती ठेवा आणि तो गळलेला लेप आत्ता लावू नका, तिथून हवा खेळते. दार किती मोठं आहे? बेडूक वाढतो हो.

वेलबुट्टी
दार तीन बोटं. मोठं करायला शेंग शोधावी लागेल. फोटो उद्या नक्की, आत्ता तो झोपलाय.

टाचणी
फाउल.